परत न ठेवता

हर्णैच्या बर्फ-कारखान्यात रात्रपाळीला
माझं काम एवढंच: लाद्या मोजायच्या, पावती फाडायची,
कॉम्प्रेसरचा सूर बदलला तर दिनूला उठवायचं.
मधल्या वेळात गणितं.

पुस्तक दापोलीच्या रद्दीवाल्याकडचं, वीस रुपयांचं.
मागची उत्तरांची पानं गेलेली.
पहिल्या पानावर नाव: कु. मृदुला बिवलकर.
तिनं समासात पेन्सिलीनं उत्तरं लिहिलीत
बाविसाव्या उदाहरणापर्यंत. पुढे कोरं.

उदाहरण सात. पिशवीत सहा लाल, चार काळे चेंडू.
एक काढला. परत न ठेवता दुसरा काढला.
दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती?
चेंडू काही मला दिसेनात. मी लिहिलं,
टोपलीत सहा बांगडे, चार सौंदाळे.
दहात सहा, मग नवात पाच. एक छेद तीन.
बिवलकरचंही एक छेद तीन.

पहाटे बर्फ न्यायला आलेल्या हमीदाला विचारलं.
ती म्हणाली, "काळोखात हात घातला तरी
बांगडा कुठला, सौंदाळा कुठला, बोटांना कळतं गो.
मग कसली तुझी संभाव्यता?"
मी समासात टीप टाकली:
हमीदाला हातमोजे द्यावेत.

सोमवारी सहा बोटी लागल्या.
तीन टोपल्या, चार, चार, पाच, सहा,
आणि चोगल्यांच्या धाकट्याच्या ऐंशी.
बहुलक चार. मध्यक साडेचार.
सरासरी सतरा.
सतरा टोपल्या आणलेली बोट बंदरात एकही नव्हती,
तरी संध्याकाळच्या लिलावात सगळे
त्याच बोटीबद्दल बोलत होते.

हसूकाका पाच फेऱ्या रिकामे आले.
सहाव्या फेरीला वीस लाद्या मागतात.
"पाच वेळा नाय, म्हंजे आता यायलाच हवी."
उदाहरण सतरा हेच विचारतं, फक्त नाण्याबद्दल.
नाण्याला मागचं काही आठवत नाही,
उत्तर एक छेद दोन.
मी सांगायला तोंड उघडलं
आणि तसंच मिटलं.
मासळी काय नाणं आहे? तिला पाण्याची ऊब कळते,
अमावास्या कळते, पर्ससीनवाल्यांचे दिवे कळतात.
आणि पाच वेळा न मिळण्याचं कारण
सहाव्यांदाही तिथेच असू शकतं.
हे सगळं पहाटे चार वाजता, खिडकीतून,
टोपी हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला
कसं सांगतात, ते पुस्तकात नाही.
मी वीस लाद्या दिल्या. पावतीवर तारीख घातली.

नोव्हेंबरात मत्स्य खात्याची परीक्षा आहे.
पास झाले तर वही घेऊन बंदरावर उभी राहीन,
दर चौथी बोट गाठून विचारीन, काय मिळालं?
चौथीवरून बाकी तिघींचा अंदाज.
पद्धत चांगली आहे, मी तपासून पाहिली,
आठवड्याच्या बेरजेत फार चूक येत नाही.
फक्त हसूकाका तिसरे आले
तर त्यांना कुणी विचारणार नाही.

बिवलकर बावीसवर का थांबली?
पास झाली असेल. लग्न झालं असेल.
कंटाळली असेल. किंवा तेविसावं सुटलं नसेल.
चार शक्यता, म्हणून प्रत्येकी पाव,
असं धरायचं नसतं, एवढं मला आता कळतं.

तेविसावं मी काल रात्री सोडवलं. तीनदा.
दोनदा सात छेद पंधरा आलं, एकदा आठ.
समासात सात लिहिलं, शाईनं,
आणि बोटाचा खारट ओला डाग त्यावर पडला.

वीस लाद्या खणात नीट भुसा घालून रचल्या
तर बर्फ पाच दिवस टिकतो.
आज चौथा.